दीड डोळ्याची प्रार्थना

त्या गल्लीत कुणालाही विचारा, "कुलूपवाले कुठे बसतात हो?" की समोरचा आधी हसणार आणि मग म्हणणार, "कोण, दीडडोळे आजोबा?" आता हे नाव ऐकून तुम्हाला वाटेल, बिचाऱ्याच्या डोळ्याला काही झालं असेल. छे! दोन्ही डोळे ठणठणीत. त्या वयातही किल्लीचे दाते भिंगाशिवाय घासायचे. पण प्रार्थनेला बसले की एक डोळा पूर्ण मिटायचा आणि दुसरा अर्धाच. देवाला दीड आणि दुकानाला अर्धा, असा त्यांचा रोखठोक मामला होता.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. घर म्हणजे काय, पुढे दुकान, मागे राहायची खोली आणि मधे एक उंबरठा. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून प्रार्थनेला बसलं की दुकान डाव्या हाताला राहायचं. तरुणपणी एकदा असेच डोळे मिटून बसलेले असताना कुणीतरी दुकानातली हत्यारांची पेटी उचलून नेली. वडिलांची पेटी होती ती. कानशी, पकडी, बारीक चिमटे, सगळं वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं. पेटी परत मिळाली नाही आणि आजोबांचा जगावरचा विश्वासही परत आला नाही. नवी पेटी घेतली, ती प्रार्थनेच्या जागेवरून दिसेल अशी दुकानाच्या दाराजवळच ठेवली, आणि त्या दिवसापासून डावा डोळा कायमचा कामाला लागला.

धंद्यात हा स्वभाव उपयोगाचा होता, हे मान्य करायला हवं. साबणाच्या वडीवर किल्लीचा चोरून ठसा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी आयुष्यात कधी किल्ली करून दिली नाही. गिऱ्हाइकाला विचारायचे मात्र काहीच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की विचारलं की माणूस सावध होतो आणि तोंडात खोटं तयार ठेवतो. त्यापेक्षा गप्प बसून बघावं. स्वतःच्या घराची किल्ली माणूस टेबलावर टाकतो आणि दुसऱ्याच्या घराची हळूच ठेवतो. हळूच ठेवणाऱ्याला आजोबा म्हणायचे, "मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात या." तो पुन्हा कधी यायचा नाही.

तर असा हा माणूस. विचारायचं नाही, बघायचं. आणि नशीब बघा कसं, याच माणसाची एकुलती एक नात कोपऱ्यावरच्या पिवळ्या शाळेत जायला लागली.

पिवळ्या शाळेत सगळ्या धर्मांची पोरं एका वर्गात, एका बाकावर बसायची. कुणाला वेगळा वर्ग नाही, वेगळी रांग नाही, पाण्याचा नळसुद्धा एकच. शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाई कुठल्या धर्माच्या, हे गल्लीत कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं आणि आजोबांच्या मते तीच सगळ्यात संशयाची गोष्ट होती. "लपवतेय म्हणजे काहीतरी असणार," ते म्हणायचे. बाईंना ते कुणी विचारलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

नातीला तिथे घातलं ते सुनेने. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातून एकदा यायचा. सून इस्पितळात परिचारिका, कधी सकाळची पाळी तर कधी दुपारची. त्यांच्या धर्माची शाळा होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. सून म्हणाली, "बाबा, एवढ्याशा पोरीला रोज कोण नेणार आणि कोण आणणार?" दुखऱ्या गुडघ्यांमुळे आजोबांना "मी नेईन" म्हणता येईना. पण "तात्पुरतं हं" असं बजावून त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून डोळ्यात तेल घालून पहायला सुरुवात केली.

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. भिंगरी शाळेतून आली की आजोबा आधी तिचं दप्तर तपासायचे. मग डबा. डब्याचा वाससुद्धा घ्यायचे, कुणाचं काय खाल्लं ते बघायला. मग गप्पा मारता मारता हळूच कानोसा घ्यायचे. एकदा तिने एक चित्र आणलं. एकाच टेकडीवर चार धर्मांची चार प्रार्थनाघरं, शेजारी शेजारी.

"यातलं आपलं कुठलं?" आजोबांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"हे काय, मोठ्या दाराचं."

आजोबांनी चित्र उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "दाराला कुलूप का नाही काढलंस?"

"टेकडीवर कोण चोरी करणार, आजोबा?" भिंगरी म्हणाली आणि गिरकी घेऊन आत पळाली.  पोरीला कुलपाची गरज वाटत नाही, हे काही बरं लक्षण नव्हतं.

तिची एक मैत्रीण होती. समोरच्या चष्मेवाल्याची मुलगी, बुटकी आणि गोल, म्हणून तिला बटण म्हणायचे. चष्मेवाला वेगळ्या धर्माचा. आजोबांचं दुकान आणि त्याचं दुकान तोंडासमोर तोंड, वर्षानुवर्षं. तो आजोबांना काका म्हणायचा, आजोबा त्याला अरे-तुरे करायचे. पण खरं सांगायचं तर दोघंही एकमेकांना जरा पाण्यातच बघायचे. चष्मेवाला काही कमी संशयी नव्हता. गिऱ्हाइकाने उसना रुमाल मागितला तरी तो आधी त्याच्या खिशाकडे बघायचा. दोन्ही पोरी मात्र हातात हात घालून शाळेत जायच्या आणि हातात हात घालून यायच्या.

आणि मग ती संध्याकाळ आली. दुकान उघडं होतं, सून कामावर होती, आजोबा मागच्या खोलीत प्रार्थनेला बसले होते. एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा. तेवढ्यात भिंगरी पावलं न वाजवता आली, उंबरठ्यावर उभी राहिली आणि तिने सरळ आजोबांकडे पाठ केली. हात मागे बांधले, मान ताठ, आणि हूं की चूं नाही.

आजोबांचं प्रार्थनेतलं पुढचं वाक्यच हरवलं. त्यांच्या घराण्यात एक नियम होता, पिढ्यांचा. कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर त्याच्याकडे पाठ करायची नाही. खोलीतून बाहेर जायचं असलं तरी उलट पावली जायचं. लहानपणी एकदा ते चुकून वळले होते, तर वडिलांनी अशी मुस्काटात दिली होती की संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती.

"भिंगरे, इकडे तोंड कर," ते दबक्या आवाजात म्हणाले.

ती हलली नाही.

"ऐकू येत नाही का? वळ म्हणतो ना!"

ती वळली नाही आणि बोललीही नाही. आता मात्र आजोबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रार्थना अर्धी सोडून ते उठले आणि तिला खांद्याला धरून फिरवलं. पोर दचकली, डोळ्यांत पाणी आलं.

"शाळेत हे शिकवतात का तुला?"

"हो," ती म्हणाली.

"पाठ करायला?"

"हो."

"सगळ्या पोरांना?"

"सगळ्यांना. आळीपाळीने." आणि मग तिचा हुंदका फुटला. "तुम्हाला काही कळतच नाही!"

आजोबांनी तिला सगळं विचारलं. फक्त "का" एवढंच विचारायचं राहिलं. ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यानंतर भिंगरीने जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. सून कामावरून आली, तिने दोघांचे चेहरे बघितले आणि म्हणाली, "बाबा, उद्या जाऊन मोठ्या बाईंनाच विचारते."

"अजिबात नाही," आजोबा म्हणाले. "विचारलंस की त्या सावध होतील."

सून कपाळाला हात लावून स्वयंपाकाला लागली.

आजोबा गप्प बसले असते तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. पण पोटात गोष्ट ठेवायची त्यांना सवय होती ती गिऱ्हाइकांच्या बाबतीत, स्वतःच्या दुखण्याच्या बाबतीत नाही. प्रार्थनाघरातून बाहेर पडताना, चपला घालता घालता, त्यांनी शिंप्याच्या कानात सांगितलं की पिवळ्या शाळेत पोरांना देवाकडे पाठ फिरवायला शिकवतात. शिंप्याने ते माप घेता घेता एका गिऱ्हाइकाला सांगितलं. त्याने न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याच्या खुर्चीत कुठल्याही धर्माचा माणूस बसतो, आणि तोंडाला साबण लागलेला असल्यामुळे त्याला उलट काही विचारता येत नाही. अशी ती गोष्ट गल्लीभर फिरून, अंगावर बरंच काही चढवून, समोरच्या चष्मेवाल्यापर्यंत पोचली. पोचली तेव्हा ती अशी होती: शाळेत आपल्या पोरांना त्यांच्या लोकांच्या प्रार्थनेत उभं करतात आणि आपल्या देवाकडे पाठ करायला लावतात.

चष्मेवाल्याने त्या दिवशी बटणला एकच प्रश्न विचारला. "कुलूपवाल्याची नात प्रार्थना करते तेव्हा तू तिथे उभी असतेस?"

"असतेच की," बटण म्हणाली. "रोज."

झालं! दुसऱ्या दिवशी बटण शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आजोबांनी समोर बघितलं तर पोरगी बापाच्या दुकानात स्टुलावर बसून चष्म्यांच्या रिकाम्या डब्या एकीवर एक रचत होती. भर शाळेच्या वेळात.

आजोबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा चष्मेवाला असा उगाच पोरीला घरी बसवणाऱ्यातला नाही. याला नक्की काहीतरी कळलंय. आपल्याला अर्धंच कळलं, याला पुरतं कळलेलं दिसतंय. त्यांनी रस्त्याकडे तोंड करून विचारल्यासारखं केलं, "काय रे, शाळेला सुट्टी वाटतं?"

"तुम्हाला माहीतच असेल की, काका," चष्मेवाला काचा पुसत म्हणाला.

त्याच्या बोलण्यातला काटा आजोबांना लागला, पण अर्थ मात्र त्यांनी आपल्याला हवा तोच काढला. म्हणजे खरंच आहे! स्वतः सोडलेली पुडी गल्लीभर फिरून परत आपल्याच घरात शिरली होती आणि हा शहाणा माणूस तिला पुरावा समजत होता. आता बोला!

त्याच संध्याकाळी त्यांनी घरात निकाल दिला. "सूनबाई, ऐक. हा आठवडा झाला की भिंगरी त्या शाळेत जाणार नाही. आपल्या लोकांच्या शाळेत जाईल. मी नेईन, मी आणीन. गुडघे गेले खड्ड्यात."

सून पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने बोलली. "बाबा, तिला एकच मैत्रीण आहे. ती शाळेत येईनाशी झालीय. आता शाळाही काढून घेता? पोरीने करायचं काय? दिवसभर दुकानात बसून तुमच्यासारखं दाराकडे बघत राहायचं?"

"दाराकडे बघणारा माणूस फसत नाही," आजोबा म्हणाले.

जहाजावर फोन लागला. मुलगा म्हणाला, "बाबा म्हणतील तसं करा." दूर असलेल्या माणसाला असं म्हणणं सोपं असतं. सुनेने फोन ठेवला आणि कुणाशी न बोलता भांडी घासायला घेतली. भिंगरी पोटमाळ्यावर जाऊन बसली. ती रडत नव्हती, गिरक्याही घेत नव्हती. नुसती बसली होती.

आठवडा संपत आला तेव्हा पिवळ्या शाळेतल्या मावशी दुकानात आल्या. मावशी म्हणजे शाळेची घंटा वाजवणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि पडलेल्या पोरांचे गुडघे पुसणाऱ्या. "आजोबा, मोठ्या खोलीच्या दाराचं कुलूप अडकलंय. किल्ली आतच मोडली. येता का?"

आजोबांच्या मनात उकळ्या फुटल्या. चालून आलेली संधी! पोरीला काढण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू, म्हणजे सुनेचं तोंड बंद होईल. "उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "शाळा भरताना. कुणाला सांगू नका, उगाच गडबड नको."

सकाळी ते पेटी घेऊन गेले. लांब व्हरांडा, एका बाजूला मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या, टोकाला मोठ्या खोलीचं दार. त्यांनी सगळ्या खुंट्या बघितल्या, भिंतीवरची चित्रं बघितली, कचऱ्याची टोपलीसुद्धा वाकून बघितली. संशय घ्यावा असं काहीच सापडेना, त्यामुळे संशय आणखी वाढला. मग दारापाशी बसून त्यांनी कुलपाचे स्क्रू काढले, अख्खं कुलूप दारातून बाहेर ओढलं आणि मांडीवर घेतलं. दाराला मुठीएवढं भोक पडलं. आत पलीकडच्या दाराने येऊन पोरं जमत होती, पण गोंगाट नव्हता. आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि भोकाला डावा डोळा लावला.

आत पोरंच पोरं. निम्मी प्रार्थना करत होती, जो तो आपापल्या रीतीने, कुणी उभं, कुणी बसलेलं, कुणी पुटपुटत, कुणी अगदी गप्प. आणि त्यांच्या मागे एक एक पोर पाठ करून उभं! हात मागे बांधलेले, मान ताठ. अगदी भिंगरी उभी राहिली होती तशीच.

"धडधडीत!" आजोबा दात ओठ खात पुटपुटले. "उघडउघड चाललंय."

तेवढ्यात बालवर्गातली एक चिमुरडी वाट चुकून पलीकडच्या दाराने आत शिरली आणि खिदळत एका प्रार्थना करणाऱ्या मुलाच्या अंगावर धावली. त्याच्या मागे पाठ करून उभ्या असलेल्या मुलीने तोंडातून शब्द न काढता हात आडवा केला, चिमुरडीला थांबवलं, तिचं तोंड आल्या दाराकडे वळवलं आणि हळूच ढकललं. मागचा मुलगा डोळे मिटून तसाच बसून होता. त्याला काही कळलंसुद्धा नाही.

आजोबांचा डोळा भोकालाच राहिला, पण तोंडातली शिवी तोंडात राहिली.

"बघताय ना पहारा?" मागून मावशी म्हणाल्या. आजोबा चोरी पकडल्यासारखे दचकले. मावशींना त्याचं काही नव्हतं, त्या हातातला झाडू टेकून सांगायला लागल्या. "आधी पोरं एकमेकांच्या प्रार्थनेला हसायची हो. नकला करायची, चिमटे काढायची. मग मोठ्या बाईंनी हे काढलं. एकाने प्रार्थना करायची, दुसऱ्या धर्माच्या पोराने पाठ करून पहारा द्यायचा. आपण बघायचं नाही आणि दुसऱ्याला त्रास देऊ द्यायचा नाही. मग पाळी बदलायची. पहाऱ्यावर असताना बोलायचं नाही आणि मागे वळायचं नाही, काही झालं तरी."

काही झालं तरी. आजोबांना ती संध्याकाळ आठवली. वळ म्हणून ओरडलो, खांद्याला धरून फिरवलं, आणि पोर नियम पाळत होती. कुणाकडे तोंड होतं तिचं? दुकानाकडे. दाराजवळच्या पेटीकडे. आजोबा डावा डोळा का मिटत नाहीत, हे त्या एवढ्याशा पोरीने ओळखलं होतं, आणि तो त्यांना मिटता यावा म्हणून ती उंबरठ्यावर उभी राहिली होती.

त्यांनी मांडीवरचं कुलूप खाली ठेवलं. 

"तुमची नात तिकडे कोपऱ्यात आहे बघा," मावशी म्हणाल्या. "बिचारीची जोडीदारीण येत नाही. मोठ्या बाईंनी दुसरी जोडी देऊ केली, तर म्हणते, ती जागा बटणची आहे, ती येईल. कुणीतरी मेल्याने उठवलं म्हणे की इथे देवाकडे पाठ फिरवायला शिकवतात. अशी माणसं असतात, काय करणार!"

आजोबांनी पुन्हा भोकाला डोळा लावला. कोपऱ्यात भिंगरी एकटी प्रार्थनेला बसली होती. मागे कुणी नव्हतं. तिने डोळे मिटले, मग मान जराशी वळवली. आणि तिचा डावा डोळा अर्धा उघडला. मागे बघितलं, मिटला. पुन्हा उघडला.

तो डोळा आजोबांनी ओळखला. आरशात रोज बघत होते ते. अख्ख्या आयुष्यात कमावलेलं सगळं पोरीला द्यायची त्यांची इच्छा होती, पण हे नव्हतं द्यायचं. हे नव्हतं हो द्यायचं!

दार ढकलून ते आत गेले. पोरं बघायला लागली, पण पहाऱ्यावरचं एकही पोर जागचं हललं नाही. मोठ्या बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.  आजोबा कोपऱ्यात भिंगरीच्या मागे गेले आणि क्षणभर अडखळले. वडिलांची चपराक त्यांना आठवली. मग ते वळले. प्रार्थना करणाऱ्या पोरीकडे पाठ करून, हात मागे बांधून, दुखऱ्या गुडघ्यांवर जमेल तेवढे ताठ उभे राहिले.

आणि मग आली खरी कसोटी. मागे तिने डोळा मिटला की नाही, हे बघावंसं वाटत होतं. जन्मभर ज्याने प्रत्येक कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघितलं, त्या माणसाला बघावंसं वाटणारच. मान आपोआप वळायला लागली. त्यांनी दात घट्ट आवळले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मागून भिंगरीचं पुटपुटणं येत होतं. मधे मधे तुटत होतं, मग हळूहळू तुटायचं थांबलं.

शाळेतून निघाले ते तडक चष्मेवाल्याच्या दुकानात. बटण स्टुलावरच होती.

"अरे, ते मी बोललो होतो," आजोबा दारातच म्हणाले. "पाठ फिरवण्याचं. मीच शिंप्याला सांगितलं. कुणाला काही विचारलं नाही आणि सांगत सुटलो. चुकलं माझं." आणि मग त्यांनी पहाऱ्याचं सगळं सांगितलं.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, घातला. "आणि हे तुम्ही मला आज का सांगताय, काका? यात तुमचा काय डाव आहे?"

दुसरं कुणी असतं तर आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला असता. पण हा प्रश्न ऐकून त्यांना जवळजवळ प्रेमच दाटून आलं. अगदी आपल्यासारखा माणूस! "माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस," ते म्हणाले. "मी तरी ठेवला नसता. उद्या सकाळी ये आणि स्वतः बघ. दाराला भोक आहे. कुलूप मी अजून बसवलेलं नाही."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

कुलूप न बसवता काम सोडून आल्याची ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला आला. बटणचा हात घट्ट धरून आला, पण दारापाशी पोचताच ती हात सोडवून आत पळाली. तो वाकला आणि भोकाला डोळा लावून बसला. भला मोठा माणूस, शाळेच्या व्हरांड्यात, दाराच्या भोकाशी वाकलेला. कुणी बघितलं असतं तर चार लोकांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. आजोबांनी ते ओळखलं आणि त्याच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, व्हरांड्याकडे तोंड करून उभे राहिले. बालवर्गातली चिमुरडी कुतूहलाने जवळ आली, तिला त्यांनी हाताने थांबवलं.

बऱ्याच वेळाने चष्मेवाला सरळ झाला. त्याने चष्मा काढला होता आणि बाहीने डोळे पुसत होता. "माझी उभी राहते आणि तुमची डोळे मिटते," तो म्हणाला. "मग तुमची उभी राहते." मग त्याने चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "हे भोक आज बुजवणार ना?"

"बुजवणार की. पण आधी मोठ्या बाईंना विचारतो, किल्ल्या कुणाकुणाला हव्यात ते."

विचारतो, हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून चष्मेवाल्यालाही नवल वाटलं असावं. घरी सुनेला त्यांनी एवढंच सांगितलं की दोन बस बदलणं माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, भिंगरी आहे तिथेच राहू दे. सून हसली नाही, पण तिने वाढताना त्यांच्या पानात आधी वाढलं.

संध्याकाळी दुकान उघडं होतं. आजोबा प्रार्थनेला बसले. भिंगरी उंबरठ्यावर आली, जरा घाबरत, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. आजोबांनी उजवा डोळा मिटला. डावा अर्ध्यावर अडला, सवयच ती. मग त्यांनी तोही मिटला. आत अंधार झाला. किती वर्षांनी! प्रार्थनेतली काही वाक्यं त्यांना नव्यानेच ऐकू आल्यासारखी वाटली.

प्रार्थना संपली तेव्हा भिंगरी वळली. "आजोबा, आज तुम्ही एकदाही बघितलं नाहीत!"

आजोबांनी भुवया उंचावल्या. "तू तर पाठ करून उभी होतीस. तुला कसं कळलं?"

"बटणने खूण केली." समोरच्या दुकानात बटण स्टुलावर उभी होती, नाकावर बापाचा भला मोठा चष्मा, आणि हात हलवत होती.

"म्हणजे तुम्ही दोघी माझ्यावर नजर ठेवून होतात?"

"पहारा आहे ना, आजोबा," भिंगरी म्हणाली. "मग ठेवणारच की."

 आजोबा उठले, दाराजवळची पेटी उचलून आतली हत्यारं नीट लावल्यासारखं केलं, आणि डोळे पुसून झाल्यावर ती पुन्हा तिथेच ठेवली.